एकोणिसाव्या शतकातल्या नाटकांत बायको म्हणजे फक्त शोभेची बाहुली होती का?

दिसायला बाहुली, पण संसार तिच्याच जिवावर. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या १८७९ च्या ‘अ डॉल्स हाउस’ नाटकातली नोराच घ्या. नवरा तिला लाडाने खारुताई म्हणतो, बदामाची बिस्किटं खाल्लीस का म्हणून झडती घेतो. आणि त्याच नवऱ्याचा जीव वाचवायला तिने गुपचूप ४,८०० क्रोनरचं कर्ज काढलेलं असतं. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज मिळत नसे, म्हणून तिने बापाची खोटी सही केलेली. गंमत म्हणजे सहीखालची तारीख २ ऑक्टोबर, आणि बाप गेलेला २९ सप्टेंबरला! कारकुनी चूकच, पण घर पत्त्यांच्या बंगल्यासारखं कोसळतं.

शेवटी नोरा दार आपटून घर सोडते, लोक त्या दाराच्या आवाजाबद्दलच बोलतात. मला त्याआधीची पत्रपेटी जास्त बोलकी वाटते. घरातल्या पत्रपेटीला कुलूप, किल्ली फक्त नवऱ्याकडे. बायको हेअरपिनने ते उघडायला बघते. लग्नात तिचं स्थान काय, हे तेवढ्यात कळतं.

तिची मैत्रीण क्रिस्टीन मात्र आजारी आई आणि धाकटे भाऊ पोसायचे म्हणून पैसेवाल्याशी लग्न करून मोकळी झालेली. म्हणजे लग्न हीच नोकरी.

बायको घर सोडते हे तेव्हा पचलं नाही. जर्मनीत नायिकेच्या भूमिकेतल्या नटीनेच तो शेवट करायला नकार दिला, म्हणून इब्सेनला नोरा मुलांसाठी थांबते असा दुसरा शेवट लिहावा लागला. त्याला स्वतःला तो अजिबात आवडला नव्हता. नॉर्वेत विवाहित स्त्रीला कायद्याने सज्ञान मानलं ते १८८८ मध्ये, नाटकानंतर नऊ वर्षांनी.