मोठ्या मॉनिटरवर तीन विंडो, तीही फुकटात

प्रश्न : मी करसल्लागार आहे. डोळ्यांना बरं पडावं म्हणून ३२ इंची फोर-के मॉनिटर घेतला. टॅली, एक्सेल आणि जीएसटी पोर्टल शेजारीशेजारी मांडून २बी (विक्रेत्यांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांची पोर्टलवरची यादी) जुळवायचा विचार होता. पण माऊसने विंडो ओढून-ताणून हात भरून येतो, तरी एकीवर दुसरी चढतेच. दुकानदार म्हणतो, यासाठी सॉफ्टवेअर विकत मिळतं. कोणतं घेऊ? माझ्याकडे विंडोज ११ आहे. मुलीच्या मॅकबुकसाठीही सांगा.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दुकानदाराला नमस्कार सांगा आणि पैसे खिशातच ठेवा. विंडोजचं बटण दाबून झेड दाबा. चौकोनांचे छोटे नमुने दिसतील. त्यातला हवा तो कप्पा निवडला की चालू विंडो तिथे जाऊन बसते आणि उरलेल्या जागी कोणाला बसवायचं ते विंडोज स्वतःच विचारतं.

नमुन्यांत तीन उभे भाग दिसलेच नाहीत तर डिस्प्ले सेटिंगमधलं स्केल, म्हणजे अक्षरं-चित्रं किती मोठी दिसावीत ते, बघा. डोळ्यांसाठी तुम्ही ते बहुधा वाढवलं असणार. फोर-केची रुंदी ३८४० पिक्सेल. स्केल २२५ टक्के केलं की विंडोजच्या हिशेबी ती जेमतेम १७०० उरते, आणि तीन भागांचे नमुने १९२० पासून पुढेच मिळतात. १५० वर आणा आणि एक्सेलमध्येच झूम वाढवा.

आता थोडं आगाऊपणाने सांगतो. पोर्टल सतत उघडं हवंच कशाला? २बीची एक्सेल फाइल उतरवून घ्या आणि पोर्टल बंद करा. मग डावीकडे तुमचं खरेदी रजिस्टर, मध्ये २बी, उजवीकडे टॅली. दोन्ही याद्यांना सारखी रुंदी हवी, टॅलीला थोडी कमी चालेल. मी प्रुफं तपासताना असंच करतो : मूळ मजकूर आणि पीडीएफ सारखे, शब्दकोश कडेला.

पण ३५-३५-३० अशी वाटणी विंडोजच्या तयार नमुन्यांत मिळत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच मोफत ‘पॉवरटॉइज’ मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या. त्यातलं फॅन्सीझोन्स सुरू करा, संपादक उघडून नवा ग्रिड तयार करा आणि रेघा सरकवून हवे तसे कप्पे पाडा. नंतर विंडो ओढताना शिफ्ट दाबून धरायचं. कप्पे उजळतात, हव्या त्या कप्प्यावर सोडून द्यायचं. सेटिंगमध्ये एक खूण केली की पुन्हा उघडलेला प्रोग्रॅम आपल्या जुन्या कप्प्यातच जातो. रोज सकाळी मांडामांड करायचा मला भारी कंटाळा, म्हणून ही खूण माझी सगळ्यांत लाडकी.

एखादी विंडो काही केल्या कप्प्यात बसत नसेल, तर तो प्रोग्रॅम ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलाय का ते पाहा. तसं असेल तर पॉवरटॉइजही त्याच हक्काने चालवावं लागतं. ऑफिसांतल्या जुन्या शॉर्टकटांना ही खूण हमखास केलेली असते, कोणी केली ते कोणालाच आठवत नाही.

मुलीच्या मॅकवर मॅकओएसचं २०२४ चं सिकोया किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर विंडो पडद्याच्या कडेला नेली की अर्ध्या भागात बसते. त्याआधीची आवृत्ती असेल तर ‘रेक्टँगल’ घ्यावं, तेही मोफत आहे.