ओल्या काजूची उसळ

प्रिय सई,

आजी चैत्रात ओल्या काजूची उसळ करते, तर इथल्या दुकानातले ‘रॉ’ लिहिलेले काजू आणून ती का होत नाही, असं तू विचारलंस. होत नाही, कारण ते काजू कच्चे नसतातच. पूर्ण पिकलेल्या बिया दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात, मग वाफवून फोडतात आणि आतला गर पुन्हा भट्टीत सुकवून त्याची साल काढतात. पाकिटावरच्या ‘रॉ’चा अर्थ एवढाच, की ते भाजलेले किंवा खारवलेले नाहीत. रसात शिजवले तर मऊ होतात, पण ओल्या गराचा कोवळा गोडवा त्यांत उरलेला नसतो.

ओला गर मिळतो तो बी हिरवी असताना. काजूचं बोंड म्हणजे खरं तर फुगलेला देठ. फळ म्हणायचं तर त्याच्या टोकाला लटकलेली बीच. आधी बी वाढते आणि बोंड नखाएवढंच असतं. बीने पूर्ण आकार घेतला, की मग बोंड भराभर फुगतं आणि बी आक्रसून कडक होते. म्हणून बी मोठी, हिरवट आणि सुरीने कापता येईल इतकी मऊ असते, तेवढ्याच दिवसांत ती काढायची. त्याआधी काढली तर गर पाणचट निघतो, उशीर झाला तर सुरी चालत नाही.

अवघड काम गर काढण्याचं. टरफलात जळजळीत चीक असतो. काजू बिब्ब्याच्याच कुळातला, त्यामुळे तो बिब्ब्यासारखाच उततो: कातडी काळी पडते, फोड येतात, सोलवटते. म्हणून कोकणात हाताला खोबरेल किंवा राख लावून बसतात. बी उभी चिरायची आणि टोकदार काटकीने गर उचकटायचा. बी दातांनी कधीच फोडायची नाही. बाजारात ओले गर महाग असतात ते या मेहनतीमुळेच, आणि मला तो भाव रास्त वाटतो.

आता आपण इथे काय करायचं ते. आजी पाठवते ते तपकिरी सालीचे गर म्हणजे ओलेच गर सुकवलेले. दोन वाट्या गर रात्रभर भिजव. सकाळी पाणी तपकिरी, तुरट झालेलं असेल, ते ओतून दे. मग गर दहा मिनिटं कडकडीत पाण्यात ठेव, साल चिमटीत धरली की सुटते. खाचेतली सालही काढ, नाहीतर रस तुरट होतो.

दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद आणि कढीपत्ता घाल. गर परतून ते बुडतील एवढं गरम पाणी ओत आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजव. पंधरा-वीस मिनिटं लागतात. ताजे गर मिळाले तर दहात होतात. कुकर लावू नकोस, गर फुटून पिठूळ होतात. बोटाने दाबल्यावर गर सहज तुटला, की एक चमचा गोडा मसाला, अर्धा चमचा तिखट, मीठ, सुपारीएवढा गूळ आणि दोन आमसुलं घाल. आमसुलं आधी पडली तर आंबटाने गर कडकच राहतात, हीच चूक सगळ्यात जास्त होते. शेवटी अर्धी वाटी ओलं खोबरं घालून एक उकळी आण. मालवणात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप लावतात, तेही उत्तम, पण पहिल्यांदा हीच साधी कर, म्हणजे गराची चव कळेल.

शाळेच्या डब्यात मात्र ही उसळ नेऊ नकोस. काजूची ॲलर्जी असलेल्या मुलांना थोडाही काजू पोटात गेला तर गंभीर त्रास होऊ शकतो. मैत्रिणींना घरी बोलावलंस, तर आधी त्यांच्या आईला विचारून घे. काजू चालत नसेल तर पिस्ताही बहुधा चालत नाही, म्हणून त्या दिवशी पिस्त्याची कुल्फीसुद्धा बाहेर काढू नकोस.

तुझी,
आई