बायको जर्मन, लग्न तिकडं रजिस्टर झालंय, कोरोनाच्या प्रवासबंदीत ती तिकडंच अडकली, कोल्हापूरला कशी आणू?

भावा, धीर सोडू नको, रस्ता मोकळा झालाय. केंद्र सरकारच्या 21 ऑक्टोबर 2020 च्या ऑर्डरनं टुरिस्ट सोडून बाकी कामासाठी परदेशी लोकांना यायला परवानगी दिली, पण ई-व्हिसा आणि टुरिस्ट व्हिसा तेव्हा बंदच होते, त्यामुळं जुना टुरिस्ट व्हिसा असला तरी तेव्हा त्याच्यावर तिकीट काढून उपयोग नव्हता, विमानात बसूच देत नव्हते. तिनं तिकडच्या भारतीय दूतावासात भारतीयाची बायको म्हणून एंट्री व्हिसा, म्हणजे एक्स व्हिसा मागायचा, सोबत मॅरेज सर्टिफिकेट आणि तुझ्या पासपोर्टची कॉपी लागेलच. ओसीआय कार्डाच्या, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात कायम ये-जा करायची आणि राहायची मुभा देणाऱ्या कार्डाच्या मागं आत्ता लागू नका, त्याला लग्न रजिस्टर होऊन सलग 2 वर्षं व्हावी लागतात.

त्या काळात जर्मनीशी एअर बबल, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवून विमानं चालवायची सोय होती, त्यामुळं विमानं मिळत होती; मुंबईला उतरून पुढं गाडीनं या. व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त असला की 14 दिवसांत रजिस्ट्रेशन करायचं, ते ऑनलाइन होतं, आपल्याकडं एफआरओ, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी करणारे अधिकारी, जिल्ह्याचे एसपी असतात.

लग्न न झालेल्या जोडप्यांचं मात्र अवघड आहे, आपल्याकडं पार्टनर व्हिसा असा प्रकारच नाही, आणि अशा बंदीच्या काळात त्यांचे लई हाल होतात, मला ते अजिबात पटत नाही.