जर्मनीत मंदी आहे, तरी 'चान्सनकार्टे' या नोकरी शोधण्यासाठीच्या जर्मन व्हिसावर जावं का?

हातात ऑफर नसेल तर इथली नोकरी सोडून जाऊ नका, आधी इथूनच अर्ज करा. जर्मन अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं आक्रसली. अशा वेळी भाषा येणाऱ्यालाच आधी घेतात. व्हिसाला जर्मन भाषेची ए१ ही अगदी सुरुवातीची पातळी चालते, पण मुलाखतीत बी१ या मधल्या पातळीच्या खाली निभाव लागणं कठीण.

कार्ड एका वर्षाचं, त्यात अर्धवेळ काम आठवड्याला २० तासच. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, २०२५च्या दराने महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ दाखवावे लागतात. ही रक्कम कर्ज काढून कृपया भरू नका. वर्ष संपतं, हप्ते संपत नाहीत.

आणि पदवी आजच 'अनाबिन' या परदेशी पदव्यांच्या जर्मन सरकारी डेटाबेसवर तपासा. विद्यापीठापुढे 'एच+' (म्हणजे मान्यताप्राप्त) हवं, पदवीचीही नोंद हवी. नसेल तर झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं.