पायाशी पाणी साचलं म्हणून सात लाखांचं कर्ज?

ताई, इतर वाचकांसाठी आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही नागपुरात मनीषनगरला राहता, नवरा-बायको दोघंही नोकरीत. गाडी 2017 ची पेट्रोल हॅचबॅक, 62 हजार किलोमीटर चाललेली. जुलैपासून डाव्या सीटच्या पायाशी पाणी साचायला लागलं, मग कुबट वास सुरू झाला, आणि आता एसीचा ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो, तोही करकरत. सर्व्हिस सेंटरनं 27,400 रुपयांचं एस्टिमेट दिलं. ओळखीचा एसीवाला म्हणतो, मोटर खोलून 3,500 मध्ये चालू करून देतो. यजमानांचं म्हणणं, जुन्या गाडीत पैसे कशाला घालायचे, 2 लाख 40 हजार येताहेत तर विकून टाकू, जीएसटीही कमी झालाय, सात लाखांचं कर्ज काढून नवी घेऊ. आणि दीर सुचवतात, पावसाचं पाणी शिरलं म्हणून विम्याचा क्लेम टाका. खर्चासाठी एफडी मोडावी का, हाही प्रश्न आहेच.

माझं मत असं: गाडी ठेवा, क्लेम टाकू नका, आणि तेरा-साडेतेरा हजार खर्च करा. एफडीला हात लावायची गरज नाही.

हे पाणी आलं कुठून, ते नीट कळलं की पैशाचा हिशोब आपोआप सुटतो. एसीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. हवेतली वाफ तिच्यावर जमून पाणी होतं आणि एका लहान रबरी पाइपातून गाडीखाली पडतं. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की हे पाणी फारसं तयारच होत नाही. पाइप तुंबलेला असला तरी उन्हाळा निभावून जातो. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की पाणी भराभर जमतं, बाहेर जायला वाट नसते, मग ते आतच उतरतं. तुमची गाडी कडुनिंबाखाली उभी असते असं लिहिलंय. पुढच्या काचेखालच्या जाळीतून पानांचा चुरा आणि धूळ आत जाते आणि तोच गाळ पाइपाच्या तोंडाशी बसतो. एसीचा फिल्टर बसवलेला आहे का, तेही बघून घ्या. काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये तो कंपनीकडूनच नसतो.

ब्लोअरची मोटर बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असते. म्हणून पाणी तिच्यात गेलं. फक्त चार नंबरवर चालतो याचा अर्थ बहुधा रेझिस्टर, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग, जळालाय. सगळ्यात वरच्या स्पीडला करंट त्याच्यातून जात नाही, म्हणून तेवढा चालतो.

आता एस्टिमेटचा कागद समोर ठेवा. मोटर 6,800, रेझिस्टर 1,900, कूलिंग कॉइल 9,500, गॅस 2,200, कार्पेट काढून सुकवणं 3,000, मजुरी 4,000. तुम्हीच लिहिलंय की चार नंबरवर हवा चांगली गार येते. मग कॉइल आणि गॅस कशासाठी? एसीचा गॅस बंद नळ्यांमध्ये फिरतो, गळती नसेल तर तो कमी होत नाही. या दोन ओळींचे 11,700 वाचले. कॉइलसाठी डॅशबोर्ड उघडावा लागतो, बरीचशी मजुरी त्याचीच आहे. मोटर तर ग्लोव्ह बॉक्स काढून थोडे स्क्रू सोडले की हातात येते. म्हणजे मजुरी दीड-दोन हजारांवर यायला हवी. त्यांना स्पष्ट विचारा. कॉइल बदलायचं कारण लेखी देत नसतील तर तेवढं काम करू नका.

एसीवाल्याचे 3,500 मोहात पाडतात, पण मला ते महाग वाटतात. मोटर बाहेर काढल्यावर तिचा पंखा बोटानं फिरवून बघा आणि दांडा बघा. तांबूस गंज दिसत असेल, पंखा अडत असेल, तर तेल सोडून ती काही दिवस फिरेल. अडणारी मोटर जास्त करंट ओढते, नवा रेझिस्टर आणि कनेक्टरही जाळते. मग तोच खर्च पुन्हा. पावसात काचेवरची वाफ घालवायलाही ब्लोअरच लागतो. वर्धा रोडवर रोज जाणं-येणं आहे, इथे काटकसर करू नका.

कार्पेटचे 3,000 मात्र द्या. वरून कोरडं दिसलं तरी खालचा फोम पाणी धरून ठेवतो, आणि सासऱ्यांना दमा आहे म्हणता. बुरशीची हवा त्यांच्या छातीत जायला नको.

दीरांचा सल्ला मनापासून दिलेला असेल, पण तो मानू नका. 23 सप्टेंबर 2023 च्या पुरात अंबाझरीकडच्या ज्यांच्या गाड्या बुडाल्या, त्यांचे क्लेम खरे होते. तुमचा पाइप तुंबलाय. ही देखभालीची बाब आहे, विम्यात बसत नाही. खोटं कारण लिहून देणं ही फसवणूक आहे. आणि समजा क्लेम मिळालाच, तरी हिशोब बघा. झीज कापताना प्लास्टिकवर 50 टक्के आणि या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 40 टक्के जातात, वर 1,000 रुपये तुमच्या खिशातून. उलट तुमचा 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर येईल. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा तुमचा प्रीमियम बोनसशिवाय 9,200 आहे, आज तुम्ही 4,600 भरता. प्रीमियम तेवढाच धरला तर बोनस 20, 25, 35, 45 करत पुन्हा 50 वर येईपर्यंत साधारण 11,500 रुपये जादा जातील.

यजमानांच्या मुद्द्यात तथ्य आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवर 18 टक्के जीएसटी झाला, नवी गाडी खरंच स्वस्त पडते. पण सात लाख साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता 14,700 आणि व्याज एक लाख 82 हजार. घराचा 26 हजारांचा हप्ता चालूच आहे. एकाचा पगार दोन महिने लांबला तर काय, हे त्यांनाच विचारा. तुमच्या गाडीची नोंदणी 2032 पर्यंत आहे. शिवाय आज विकायला काढलीत तर करकरणारा ब्लोअर आणि कुबट वास बघून गिऱ्हाईक दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्तच भाव पाडेल. नवी घ्यायचीच असेल तर दर महिन्याला सात हजारांची आरडी आजच सुरू करा. दोन वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास जमतील आणि कर्ज तेवढं कमी लागेल.

माझं मत एकाच गोष्टीनं बदलेल. कार्पेट उचलल्यावर खालचे वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडलेले किंवा पत्रा गंजलेला निघाला, तर काम तिथेच थांबवा, फोटो काढा आणि मला कळवा. तसंच पाणी चिकट किंवा रंगीत असेल तर ते एसीचं नसून हीटरच्या कॉइलमधून गळणारं कूलंट आहे. तो खर्च वेगळा, त्याचं एस्टिमेट नव्यानं घ्या.

पैसे या महिन्याच्या पगारातून द्या, कमी पडले तर पुढच्या महिन्याची एसआयपी एकदा थांबवा. बिल भरायच्या आधी एसी पंधरा मिनिटं चालू ठेवून गाडीखाली बघा. पाइपातून पाणी पडताना दिसलं तरच पैसे द्या.