तंजावरला एकच मुक्काम आहे, तर तिथलं फूड म्युझियम बघावं का?

बघाच. तुम्ही विचारलंय की मोठं मंदिर (बृहदीश्वर) आणि सरस्वती महाल ग्रंथालय असताना ‘धान्याच्या गोदामाचं प्रदर्शन’ कशाला बघायचं. मंदिर सोडायला कोण सांगतंय? गाभारा दुपारी बंद असतो, त्या वेळात हे तासाभरात होतं. पण ‘गोदामाचं प्रदर्शन’ हे शब्द मला लागले, म्हणून लिहितोय.

माझे वडील, अण्णा, मनमाडच्या एफसीआय, म्हणजे भारतीय अन्न महामंडळाच्या, धान्य डेपोत नोकरीला होते. पोत्यात परखी खुपसून दाणे काढायचे, दाताखाली फोडून ओल सांगायचे. कीड लागू नये म्हणून थप्पी प्लॅस्टिकनं झाकायची, कडेनं वाळू भरलेल्या लांब पिशव्या दाबायच्या आणि आत विषारी धुरी द्यायची. ते दिवस आम्हा पोरांना तिकडं फिरकायची बंदी असायची. आणि आमचे दाजी प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांत म्हणायचे, “पोती मोजायला काय अक्कल लागते?” अण्णा कधी उलटून बोलले नाहीत.

तंजावरला आम्ही सगळे गेलो तेव्हा दाजी गाडीतून उतरलेच नाहीत. आत मी आणि अण्णा. हे संग्रहालय 2021 मध्ये एफसीआयनं उभारलं, आणि ते तंजावरातच, कारण 1965 मध्ये महामंडळाचं पहिलं जिल्हा कार्यालय इथंच सुरू झालं. शिकारीपासून शेतीपर्यंत, शेतापासून ताटापर्यंत सगळं मांडलंय. पूर्वी धान्य कसं साठवायचे त्या भागात अण्णा थांबले. तिथं शाळेची मुलं होती. अण्णा त्यांना मराठीत पेव समजावायला लागले, मी मोडक्या इंग्रजीत सांगत होतो. जमिनीत खोल खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, त्यात ज्वारी. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. विझला तर आतली हवा मारणारी आहे. धान्यही श्वास घेतं, म्हणाले. मुलांनी एकामागून एक प्रश्न विचारले, आम्ही अर्धा तास तिथंच उभे.

1972 च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाल्लेली माणसं अजून घराघरांत आहेत. त्यांच्यासमोर कुणी पोती मोजण्याला कमी लेखू नये. दाजींनाही मी हे तोंडावर सांगितलंय.

हां, एक राहिलं. तिथं चाखायला काही मिळत नाही, त्या आशेनं जाऊ नका. जागा लहान आहे. शनिवार-रविवारी जाणार असाल तर आधी फोन करून उघडं असल्याची खात्री करा. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं ही गोष्ट तंजावरात कुणीतरी ऐकवेलच. तिला पुरावा नाही. त्यापेक्षा मंदिराच्या भिंतीवर 1803 चा भोसल्यांचा मराठी शिलालेख आहे, तो सावकाश वाचा. आणि घरात कुणी गोदामात, रेशन दुकानात, हमालीत आयुष्य काढलेलं असेल, तर त्यांना घेऊन जा. आमच्या अण्णांनी परतीच्या गाडीत पहिल्यांदा दाजींना पेवाची गोष्ट सांगितली, आणि दाजींनी ती पूर्ण ऐकली.