पहिल्या इंजिनाला लायनर कशाचा?

भावा, स्वतः बनवतोयस ते पहिलंच छोटं मॉडेल इंजिन आहे ना? मग लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी, बिडाचाच कर, डोळे झाकून. बिडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात, ते तेल धरून ठेवतात. त्यामुळे पिस्टनही बिडाचा असला तरी दोन्ही एकमेकांना धरत नाहीत. आणि कोल्हापुरात बिडाला काय तोटा? उद्यमनगरात नाहीतर शिरोलीत विचार. फक्त कंटिन्यूअस कास्ट बार, म्हणजे सलग ओतून काढलेली कांब, माग. साध्या ओतीव तुकड्यात बोअर (आतलं गोल भोक) होत आल्यावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र निघू शकतं, मग सगळी मेहनत पाण्यात.

नवीन पोरं हमखास चुकतात ते इथं:

- स्टेनलेस चकाकतं म्हणून घेणं. ते घासताना चिकटतं, ओरबाडतं.
- नुसत्या ॲल्युमिनियमचं बोअर. लवकर झिजतं.
- फिन्सच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांच्या) बाहेरच्या जाकिटात लायनर ठोकून बसवणं. बोअरची गोलाई जाते. हातानं सरकेल एवढंच फिट ठेव.

क्रोम प्लेटिंगच्या (बोअरला आतून क्रोमचा कडक थर देण्याच्या) नादाला आत्ता लागूच नकोस. सगळा वेळ लॅपिंगला, म्हणजे बारीक पेस्टनं घासून माप जुळवायला, दे. झालं की पिस्टनला तेलाचा थेंब लाव, लायनरचं एक तोंड अंगठ्यानं दाबून पिस्टन थोडा बाहेर ओढ आणि सोड. झटक्यात परत आत गेला तर फिट जमलं.